टेकडीवरची बंद दारे

न्यू यॉर्क राज्यात, कायुगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी इथाका नावाचे गाव आहे. गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या टेकडीवर ७ ऑक्टोबर १८६८ रोजी कॉर्नेल विद्यापीठ सुरू झाले. पहिल्याच तुकडीत ४१२ विद्यार्थी होते आणि इमारतींची कामे अजून चालूच होती. तारायंत्राच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या एझ्रा कॉर्नेल यांची इच्छा साधी होती: कोणत्याही माणसाला कोणताही विषय शिकता येईल अशी जागा असावी. कोणत्याही धर्मपंथाची सत्ता तिथे नव्हती. शेतकी, यंत्रविद्या, वास्तुकला हे विषय लॅटिन-ग्रीकच्या बरोबरीने शिकवले जात. थोड्याच वर्षांत स्त्रियाही शिकू लागल्या. अशा विद्यापीठात १९०६ साली सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शपथेने बांधलेली स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. का, याचे उत्तर सहसा एका शब्दात दिले जाते: वर्णद्वेष. ते खरे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. वर्णद्वेष त्या काळच्या अमेरिकेत सगळीकडेच होता. तो कोणत्या दाराने विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यात शिरला, हे पाहिल्याशिवाय त्या सात जणांनी काय केले ते कळत नाही. माझे म्हणणे असे, की ते दार विद्यापीठानेच बसवून दिले होते. मुलांनी राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाच्या पंगतीला, हे प्रश्न विद्यापीठाने आपले मानले नाहीत. ते विद्यार्थ्यांच्या खाजगी मंडळांवर सोडले. निवारा आणि जेवण मंडळांच्या हाती गेल्यावर कोणाशी मैत्री करायची याची निवड ही नुसती आवडनिवड उरली नाही, ती सत्ता झाली.

ही मंडळे मुळात मौजेसाठी निघालेली नव्हती. व्हर्जिनियातल्या विल्यमस्बर्ग इथल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी काही विद्यार्थ्यांनी फाय बीटा कॅपा हे मंडळ स्थापन केले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. ग्रीक अक्षरांचे नाव, खुणेचे हस्तांदोलन, शपथ, चांदीचे चौकोनी पदक, पदकावर तारे आणि त्यांच्याकडे रोखलेले बोट: पुढच्या शे-दीडशे वर्षांतल्या सगळ्या फ्रॅटर्निटींचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शपथबद्ध बंधुमंडळांचा, साज इथेच तयार झाला. पण बंद दाराआड ही मुले करत काय होती? ती वाद घालत होती. त्यांच्या सभांच्या कामकाजात आफ्रिकी लोकांची गुलामगिरी न्याय्य आहे का, हाही विषय आहे. आसपासचा सारा समाज गुलामांच्या श्रमावर जगत असताना अठरा-वीस वर्षांची मुले हा प्रश्न उघड बोलतात, तेव्हा गुप्ततेचा एक अर्थ आपोआप समोर येतो. प्राध्यापकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या कानांपासून दूर, मोकळेपणाने बोलता यावे म्हणून ते दार लावलेले होते. सैन्य जवळ येऊन कॉलेज बंद पडले तेव्हा मूळ मंडळही संपले. तोवर येल आणि हार्वर्डच्या शाखांना सनदा मिळालेल्या होत्या, म्हणून नाव टिकले.

त्या काळचे अमेरिकन कॉलेज म्हणजे काय होते, हे डोळ्यांपुढे आणले की मंडळांची गरज कळते. वर्गात रोज ठरलेला उतारा पाठ करून म्हणून दाखवायचा. लॅटिन, ग्रीक आणि गणित, बहुतेक सारा अभ्यास एवढाच. १८२८ साली येलच्या प्राध्यापकांनी एक अहवाल काढून या पद्धतीचे जोरदार समर्थन केले आणि तो पुढे कित्येक वर्षे इतर कॉलेजांना आधाराला राहिला. कॉलेजच्या ग्रंथालयात ईश्वरशास्त्राचे जाडजूड ग्रंथ असायचे, आणि तेही आठवड्यात मोजके तासच उघडे. इंग्रजी कादंबरी, चालू इतिहास, राजकारणावरची पुस्तके यांना तिथे फारसा थारा नव्हता. ही सगळी उणीव विद्यार्थ्यांनी स्वतः भरून काढली. येलमध्ये लिनोनिया आणि ब्रदर्स इन युनिटी, प्रिन्स्टनमध्ये व्हिग आणि क्लिओसॉफिक, नॉर्थ कॅरोलायनात डायलेक्टिक आणि फिलँथ्रॉपिक अशा साहित्य-सभा अठराव्या शतकातच उभ्या राहिल्या. मुले वर्गणी काढून पुस्तके घेत, स्वतःच सूची करत, पुस्तके देण्या-घेण्याच्या वेळा ठरवत. कॉलेजच्या ग्रंथालयापेक्षा या सभांच्या कपाटांतली पुस्तके जास्त वाचली जात. येलच्या त्या दोन सभांची नावे आजही तिथल्या मुख्य ग्रंथालयातल्या एका वाचन-दालनाला आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की या सभा मोठ्या होत्या. कित्येक कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थी दोहोंपैकी एका सभेत असायचाच. आपल्या सभेत जास्त मुले यावीत म्हणून चुरस चाले. कोणाला बाहेर ठेवावे, यासाठी चुरस नव्हती.

ही घडी बदलली ती स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात. १८२५ साली तिथे कॅपा अल्फा सोसायटी निघाली, दोनच वर्षांत सिग्मा फाय आणि डेल्टा फाय. आपण आज ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो ती हीच. इथे वादविवाद दुय्यम होता, सोबत मुख्य होती. दहा-बारा मुले, एकमेकांनी पारखून घेतलेली, आयुष्यभर परस्परांना बांधलेली. साहित्य-सभा शंभरांची होती, फ्रॅटर्निटी डझनाची. घर सोडून आलेल्या, पाठांतराला कंटाळलेल्या मुलाला हे किती हवेसे वाटले असेल हे समजायला कठीण नाही. त्यात गैर काही होते असेही मला वाटत नाही. कॉलेजचे अध्यक्ष एलिफॅलेट नॉट यांना मात्र ते खटकले. १८३२ साली त्यांनी गुप्त मंडळांविरुद्ध कडक इशारा दिला, पण तो तडीस नेला नाही. वातावरण त्यांच्या बाजूचे होते खरे. १८२६ साली न्यू यॉर्क राज्यात फ्रीमेसन मंडळाची गुपिते छापायला निघालेला विल्यम मॉर्गन बेपत्ता झाला आणि गुप्त संघटनांविरुद्ध लोकमत इतके भडकले की त्या प्रश्नावर एक राजकीय पक्षच उभा राहिला. त्या वाऱ्यात हार्वर्डच्या फाय बीटा कॅपाने १८३१ साली आपली गुपिते सोडून दिली आणि ते मंडळ हळूहळू गुणवंतांचा निव्वळ मानाचा वर्ग होत गेले. विल्यम्स कॉलेजात १८३४ साली गुप्ततेच्या विरोधातच एक मंडळ निघाले, आणि तेच पुढे डेल्टा अप्सिलॉन नावाची फ्रॅटर्निटी झाले. गुप्तता सोडली तरी निवड सुटली नाही. माणसे पारखून घेण्याची सवय शपथेपेक्षा चिवट निघाली.

आता कॉर्नेलचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांच्याकडे वळायला हवे, कारण या कथेतला निर्णायक विचार त्यांचा आहे. व्हाइट १८४९ साली न्यू यॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा इथल्या एका छोट्या कॉलेजात शिकायला गेले आणि तिथली वसतिगृहे पाहून विटले. दंगा, दारू, प्राध्यापकांना कोंडून घालणे, बाटल्यांचा मारा, हे सगळे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तिथे आणि नंतर येलमध्ये ते फ्रॅटर्निटींचे सभासद होते आणि त्या आठवणी त्यांना प्रिय होत्या. या अनुभवातून त्यांनी एक सिद्धान्त बांधला. सरकारी बराकीसारख्या वसतिगृहात कोंबलेली मुले बेजबाबदार होतात. तीच मुले एखाद्या घराची मालक झाली, त्या घराची अब्रू त्यांची अब्रू झाली, माजी विद्यार्थी अधूनमधून येऊन डोकावू लागले, की ती आपोआप सभ्य होतात. म्हणून विद्यापीठाने वसतिगृहांत पैसा घालू नये, फ्रॅटर्निटींनी आपापली घरे बांधावीत. १८८७ साली एका नियतकालिकात लेख लिहून त्यांनी या मताचे जाहीर समर्थन केले. कॉर्नेल सुरू झाले त्या वर्षापासूनच तिथे फ्रॅटर्निटींच्या शाखा येऊ लागल्या होत्या. पुढच्या दशकांत त्यांची प्रशस्त घरे टेकडीच्या उतारांवर उभी राहिली. स्त्रियांसाठी सेज कॉलेज हे निवासस्थान १८७५ साली उघडले, पण पुरुषांसाठी विद्यापीठाने मुद्दाम बांधलेली बेकर वसतिगृहे यायला १९१४ उजाडले. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक मुलापुढे मुख्यतः दोनच वाटा होत्या: फ्रॅटर्निटीचे घर, नाहीतर गावातली भाड्याची खोली आणि रोजची चढण.

व्हाइट यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ नवे होते, पैसा अपुरा होता आणि असलेला पैसा त्यांनी प्रयोगशाळांत, ग्रंथांत आणि प्राध्यापकांत घातला. वसतिगृहांऐवजी पुस्तके निवडणाऱ्या अध्यक्षाला दोष देताना माझाही हात थबकतो. शिवाय स्वतःचे घर स्वतः चालवण्यात खरे शिक्षण असते: हिशेब ठेवणे, आचाऱ्याचा पगार देणे, कर्ज फेडणे, धाकट्यांना सांभाळणे. पण व्हाइट यांच्या सिद्धान्तात एक गोष्ट मोजलीच गेली नव्हती. ज्यांना कोणी निवडणार नाही त्या मुलांचे काय? फ्रॅटर्निटीचे घर सभ्यता शिकवत असेल तर ती शिकवण मिळण्याची अट इतर विद्यार्थ्यांची पसंती ही होती. प्रवेश-परीक्षा विद्यापीठ घेत होते, पण विद्यापीठ-जीवनात प्रवेश द्यायचा की नाही हे वीस वर्षांची मुले बंद खोलीत मतदानाने ठरवत होती. आणि एकमत लागत असले तर एकाचा नकारही पुरेसा होता. कॉर्नेलमध्ये सुरुवातीलाच, १८६८ सालच्या ऑक्टोबरात, आयर्व्हिंग लिटररी सोसायटी नावाची साहित्य-सभा निघाली होती. तिचा प्रभाव शतक संपायच्या आतच ओसरला. जिथे जेवणखाण, झोप आणि मैत्री फ्रॅटर्निटीच्या घरात, तिथे संध्याकाळी सभेला जायला मुलाकडे वेळ आणि कारण दोन्ही उरत नव्हते.

बंद दाराआड काय घडते यावर विद्यापीठाचा ताबा नाही, हेही फार लवकर दिसले. ऑक्टोबर १८७३ मध्ये कॅपा अल्फाच्या दीक्षेच्या वेळी एक विद्यार्थी रात्रीच्या अंधारात इथाकाजवळच्या खोल घळीत कोसळून मेला. यादवी युद्धात नाव कमावलेल्या आणि त्या वेळी वॉशिंग्टनला पेटंट खात्याचे प्रमुख असलेल्या जनरल लेगेट यांचा तो मुलगा होता. इथाकाच्या भोवती असे कडे आणि ओढे जागोजाग आहेत. दिवसा पाहणाऱ्याला त्यांचे सौंदर्य दिसते, पण अनोळखी मुलाला अंधारात त्यांच्या काठाने नेणे म्हणजे काय, हे सांगायला फार शब्द नकोत. नव्या मुलाला छळून आपलेसे करण्याच्या या प्रथेने पुढे अमेरिकेत कितीतरी जीव घेतले. इतक्या मोठ्या घरातला मुलगा गेला तरी फ्रॅटर्निटींचे स्थान ढळले नाही. मुले राहतात कुठे याला दुसरे उत्तर विद्यापीठाजवळ नव्हतेच.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो भक्कम आहे. मैत्री ही खाजगी गोष्ट आहे. कोणी कोणाशी स्नेह करावा हे कायद्याने किंवा नियमाने ठरवता येत नाही, ठरवूही नये. पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षांनी प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाकडून फ्रॅटर्निटीत न जाण्याची हमी लिहून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ साली ती अट नाकारली. प्रिन्स्टनने हमीपत्रे घेऊन फ्रॅटर्निटी हद्दपार केल्या, तर त्यांच्या जागी भोजन-क्लब आले आणि तेही तितकेच निवडक निघाले. १९०७ साली अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सगळ्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या चौकांत एकत्र राहावे, एकत्र जेवावे अशी योजना मांडली. माजी विद्यार्थी खवळले आणि विश्वस्तांनी दिलेला पाठिंबा काढून घेतला. पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष होणारा माणूस जेवणाच्या क्लबांपुढे हरला. या सगळ्यावरून लोक असा निष्कर्ष काढतात की माणसे कळप करणारच, त्याला इलाज नाही. मला त्यातून वेगळेच दिसते. पर्ड्यूने बंदी घातली, पण बंदीने मैत्रीची भूक भागत नाही. विल्सन यांनी त्यामानाने खरी नाडी पकडली होती: प्रश्न टेबलाचा आहे, शपथेचा नव्हे. पण ते उशिरा आले. तोवर क्लबांच्या इमारती, त्यांची मालमत्ता, त्यांच्या माजी सभासदांच्या देणग्या यांचे एवढे मोठे हितसंबंध तयार झाले होते की ते मोडायला अध्यक्षाची इच्छा पुरत नव्हती. मैत्री खाजगी असते हे मान्य. पण अर्ध्या विद्यापीठाचे स्वयंपाकघर आणि शय्या खाजगी होतात, तेव्हा त्या खाजगीपणाचा निवाडा वेगळ्या तराजूत करावा लागतो.

त्या तराजूत काय होते ते १९०५च्या शरद ऋतूत इथाकाला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांनी अनुभवले. आदल्या वर्षी विद्यापीठात असलेल्या सहा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एकही परत आला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या संघटनेच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. प्रवेश मिळत होता, वर्गात बसता येत होते. टिकणे मात्र जमत नव्हते. ही मुले टेकडीखाली, गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आसऱ्याने राहत. फ्रॅटर्निटीच्या घरांत त्यांना जागा नव्हती, पण काम होते. काहींनी तिथे वाढप्याचे काम करून शिक्षणाचा खर्च भागवला. या एका गोष्टीपाशी थांबावेसे वाटते. ज्या टेबलाशी बसायला मनाई होती त्याच टेबलावर ही मुले बशा मांडत होती, आणि तिथे काय चालते ते रोज पाहत होती. वरच्या वर्गातला मुलगा नव्या मुलाला कोणत्या प्राध्यापकाची परीक्षा कशी असते हे सांगतो. माजी सभासद येतो आणि नोकरीचा शब्द टाकून जातो. कोणी आजारी पडला, कोणाचे पैसे आले नाहीत, तर बाकीचे सांभाळून घेतात. विद्यापीठ जे देत नव्हते ते सारे या घरांतून मिळत होते. फ्रॅटर्निटी म्हणजे चैन, असे बाहेरच्याला वाटेल. वाढणाऱ्याला तिचा खरा उपयोग दिसत होता.

म्हणून त्या वर्षी इथाकात जे घडले ते अमेरिकन विद्यार्थी-जीवनाच्या शंभर वर्षांच्या इतिहासाची एका वर्षातली उजळणीच होती. आधी नॉर्थ अल्बनी स्ट्रीटवरच्या एका घरात अभ्यास-मंडळ जमू लागले. वाचन, निबंध, चर्चा, असे जुन्या साहित्य-सभेचेच स्वरूप. त्याला आकार देण्यात सी. सी. पॉइंडेक्स्टर या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा पुढाकार होता. मग प्रश्न निघाला: साहित्य-सभा राहायचे, की फ्रॅटर्निटी व्हायचे? पॉइंडेक्स्टर आणि आणखी काही जणांना दुसरी वाट पसंत नव्हती. त्यांच्या विरोधाकडे कोत्या वृत्तीचा म्हणून पाहू नये. मूठभर विद्यार्थी, त्यातही आपसांत निवड करून दार लावायचे, ज्यांनी आपल्याला बाहेर ठेवले त्यांचेच सोंग घ्यायचे, याची भीती वाटणे स्वाभाविक होते. पण ज्यांना रोज टेकडी चढायची होती त्यांना चर्चेपेक्षा जास्त काही हवे होते. वाद घालायला साहित्य-सभा पुरते, पण कडाक्याच्या थंडीत परीक्षेच्या तोंडावर कोणी खचला तर त्याला धरून ठेवायला अधिक घट्ट बंध लागतो. ४ डिसेंबर १९०६ रोजी निर्णय झाला. अल्फा फाय अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची, कॉलेजाकॉलेजांत शाखा काढत टिकून राहिलेली पहिली ग्रीक-अक्षरी फ्रॅटर्निटी ठरली. पॉइंडेक्स्टर बाजूला झाले. राहिले ते सात जण: हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, युजीन किंकल जोन्स, जॉर्ज केली, नेथॅनिएल मरे, रॉबर्ट ओगल आणि व्हर्टनर टँडी. सभासद त्यांना आजही ‘सात रत्ने’ म्हणतात. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली. टँडी न्यू यॉर्क राज्यातले नोंदणीकृत पहिले कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले. हार्लेममधले सेंट फिलिप्स चर्च उभारण्यात त्यांचा वाटा आहे. कॅलिस डॉक्टर झाले. जोन्स यांनी शहरांतल्या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीगची धुरा दोन दशकांहून अधिक काळ वाहिली.

यावर सगळ्यात टोकदार आक्षेप असा: हेही दार बंदच की. गोऱ्यांनी लावले तर भेदभाव आणि यांनी लावले तर स्वाभिमान, हे दोन मापांचे राजकारण नाही का? दाराकडेच पाहिले तर हा आक्षेप बिनतोड वाटेल. पण दाराच्या बाहेर राहिलेल्या माणसाला काय गमवावे लागते, हे पाहिले की दोन्ही दारे एकसारखी राहत नाहीत. अल्फाने कोणाला नाकारले तर त्याचे जेवण, राहणे, ओळखी, नोकरी यांतले काही जात नव्हते. गोऱ्या फ्रॅटर्निटीने नाकारले की विद्यापीठाचे अर्धे जगणे जात होते. दुसरा पुरावा त्यांच्या पुढच्या वागण्यात आहे. १९४०च्या दशकात अल्फाने घटनेतली सभासदत्वाची वर्णाची अट काढून टाकली. त्याच सुमारास, १९४८ साली, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कॅपा साय शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचे ठरवले, तर राष्ट्रीय संघटनेने ती शाखाच निलंबित केली. तिथल्या मुलांनी मागे न हटता वेगळ्या नावाने आपले घर चालवले, हे त्यांचे मोठेपण. तरी अल्फा आणि तिच्या मागोमाग आलेल्या भगिनी-संस्था निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५७ साली कृष्णवर्णीय मध्यमवर्गावरच्या पुस्तकात या मंडळांच्या दिखाऊपणावर आणि उधळपट्टीवर कठोर टीका केली. नव्या मुलांना छळण्याची प्रथाही त्यांच्यात शिरली. हे दोष खरे आहेत. पण हॉवर्डमध्ये जानेवारी १९१३ मध्ये स्थापन झालेल्या डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली सातच आठवड्यांनी, ३ मार्चला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मोर्चात चालल्या, हेही तितकेच खरे आहे. पुढे नागरी हक्कांसाठी लढलेले थरगुड मार्शल आणि मार्टिन लूथर किंग हे दोघेही अल्फाचे सभासद झाले.

आणखी एक आक्षेप माझ्या मुख्य म्हणण्यालाच छेद देतो, म्हणून तो सोडून चालणार नाही. निवारा विद्यापीठाच्या हाती असता तर तो सगळ्यांना मिळाला असता, याची खात्री काय? कॉर्नेलच्याच सेज कॉलेजात, जे पूर्णपणे विद्यापीठाचे होते, १९११ साली दोन कृष्णवर्णीय मुलींच्या राहण्यावरून वाद पेटला. गोऱ्या मुलींनी सह्या गोळा करून त्यांना खोल्या देऊ नयेत असा अर्ज केला. सार्वजनिक छप्परही बंद होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट दिसले. पण तिथे पुढे काय झाले हेही पाहावे. त्या अर्जाला उलटा अर्ज निघाला, वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि अध्यक्ष जेकब गूल्ड शूरमन यांना जाहीर भूमिका घ्यावी लागली, की विद्यापीठाची दारे वर्ण, वंश वा धर्म न पाहता सर्वांना उघडी राहिली पाहिजेत. व्यवहारात हे लगेच आणि पूर्णपणे पाळले गेले नाही. पुढची काही दशके कृष्णवर्णीय मुलींना तिथे अडचणी येतच राहिल्या. तरी सेजमध्ये दाद मागायला दार होते, उत्तर द्यायला बांधील असलेला माणूस होता आणि त्याने दिलेला शब्द पुढच्या पिढीला पुढे करता येत होता. टेकडीवरच्या फ्रॅटर्निटीच्या घराला मुलगा कोणता अर्ज करणार होता? नाकारण्याचे कारण सांगायला तिथे कोणी बांधील नव्हते. मला फरक दिसतो तो एवढाच, पण तो मोठा आहे.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये असे एक नाव या काळात आहे. १९१३ साली बडोद्याच्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात ते राहिले. नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या सोबत होता आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला परतले तेव्हा त्या शहरात त्यांना खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, अकरा दिवसांनी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हाकलले आणि गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत बसून काढली. कोलंबियाची पदवी होती, संस्थानचा हुद्दा होता, पण रात्रीला छप्पर नव्हते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे त्यांचे लक्ष पुढेही राहिले. १९४६ साली त्यांचा आणि कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांचा पत्रव्यवहार झाला, आणि ड्यू बॉइस हेही अल्फाचेच सभासद. पण त्याआधी बावीस वर्षे, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. पुढच्या जानेवारीत, १९२५च्या ४ तारखेला, सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलांच्या राहण्याची, जेवणाची, कपड्यांची आणि पुस्तकांची सोय सभा करू लागली. त्या वसतिगृहातली मुले स्वतः एक मासिक चालवत. त्याचे नाव ‘सरस्वती विलास’.